वाऱ्याचा रोख

घोटीच्या वर, कड्यालगतच्या पठारावर, वारा मोजायचा मनोरा उभा होता. पवनचक्क्या लावण्याआधी तिथला वारा वर्षभर मोजायचा, हे ज्योत्स्नाचं काम. टोकाला फिरणाऱ्या वाट्या वेग सांगायच्या आणि एक बाण दिशा. ऑफिसात येणाऱ्या नोंदींत दिसायचं, रोज ऊन कललं की तो बाण उगाच इकडेतिकडे फिरायचा. बिघडला असेल म्हणून ती गंगापूर रोडच्या ऑफिसातून गाडी काढून दुपारी वर आली.

मनोऱ्याखाली चिमणाबाईंची झोपडी. त्यांचा नवरा मंगळू मनोऱ्याचा राखणदार होता. पावसाळ्यात तापाने गेला. तेव्हापासून म्हातारी एकटीच, आणि डोळ्यांना अंधुक दिसायचं. सिन्नरची लेक उज्ज्वला ज्योत्स्नाला सकाळीच फोनवर म्हणाली होती, "ताई, येताना आईला घेऊनच या. कड्यावरून पाय गेला तर..."

चिमणाबाईंनी चहा दिला, पण ऐकलं नाही. "मालक हितंच हायेत, बाई. त्यांना टाकून कशी येऊ?"

ज्योत्स्नाला गलबलून आलं. ती बाण तपासायला बाहेर आली.

दिवसभर कातळ तापतो, त्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी दरीतली गार हवा धावत येते. तोच इथला वारा. ऊन उतरलं तशी ती धाव थांबली. गवताचं पातंसुद्धा हलेना. वाळल्या गवताचा वास जागच्या जागी साचून राहिला.

आणि वर वाट्या कुरकुरत फिरू लागल्या.

चिमणाबाई कळशी घेऊन निघाल्या होत्या. बाण वळला. त्याचं टोक वारा येतो तिकडे असतं, शेपूट जातो तिकडे. शेपूट चिमणाबाईंकडे होतं. त्या थांबल्या, बाण थांबला. त्या वळल्या, बाण वळला.

मग ज्योत्स्नाच्या लक्षात आलं, म्हातारी वाट चुकलीय. पुढे कडा होता.

"मावशी! थांबा..."

बाण गर्रकन उलटा फिरला. चिमणाबाईंचं लुगडं समोरून अंगाला घट्ट चिकटलं, पदर मागे फडफडला. त्यांना पुढे पाऊल टाकता येईना. आजूबाजूचं गवत मात्र निश्चल.

"सरा की, धनी," त्या हळूच म्हणाल्या. "पाणी आणू द्या..."

ज्योत्स्नाने धावत जाऊन त्यांना मिठीत घेतलं. "मावशी, समोर कडा आहे. त्यांनीच अडवलं तुम्हाला. पण त्यांनी तरी रोज किती जपायचं?"

चिमणाबाईंनी कळशी खाली ठेवली. मग कुणाला तरी म्हणाल्या, "पोरगी म्हणती ते खरं हाय. चला, गाडीत जागा हाय."

वर वाट्या थांबल्या.

सिन्नरच्या रस्त्याला लागल्यावर म्हातारी मागच्या सीटवर शांत झोपली. तिला गार लागू नये म्हणून ज्योत्स्नाने सगळ्या काचा वर केल्या. आरशात पाहिलं, तर चिमणाबाईंच्या कपाळावरची पांढरी बट कुणी बोटाने सारावी तशी कानामागे गेली. झोपेतच त्या थोड्या सरकल्या आणि शेजारी जागा करून दिली.