मिस्त्री म्हणाला, "बसली!"

मिस्त्रीने आल्या आल्या टोपी काढून हातात धरली, तेव्हाच भाऊजींनी ओळखलं, प्रकरण गळ्याशी आलंय.

"वहिनी, तीस वर्षं गाड्या उचलायच्या लिफ्ट बसवतोय. माझा एक बोल्ट ढिला निघाला तर मिशी उतरवीन. पण आज डॉक्टरीणबाईंनी सगळ्या गल्लीसमोर मला निष्काळजी म्हटलं. दोन गिऱ्हाइकांनी लगेच काम नको म्हणून कळवलंसुद्धा. नाव गेलं की माझ्याकडे उरलं काय?"

वहिनी घराच्या पुढच्या खोलीत तपासाचं ऑफिस चालवत. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. गाडी चालवायची, नोंदी लिहायच्या आणि वहिनींच्या डोक्यात प्रकाश पडल्यावर तासाभराने आपल्या डोक्यात पाडून घ्यायचा, एवढी त्यांची कामं.

"काल संध्याकाळी पाचला तुम्ही निघालात, तेव्हा बाईंची गाडी लिफ्टवर कुठे होती?" वहिनींनी विचारलं.

"पार वर. रात्रभर वजन पडू दिलं की सकाळी बोल्ट पुन्हा आवळता येतात. आज दहाला गेलो, तर गाडी जमिनीवर, टप चेपलेला, आणि आई-मुलगा माझ्या नावाने शिमगा करतायत."

"बाईंना लिफ्ट चालवायला शिकवलं होतं?"

"त्यांना एकट्यांनाच. वर-खाली, गाडी वर अडवून धरणारी कुलपं, सगळं. दार बंद करूनच, हेही बजावलं होतं."

डॉक्टरीणबाई सत्तरीच्या, ताठ. दवाखाना बंद झाल्यावर यजमानांच्या जुन्या पिवळ्या गाडीची दुरुस्ती हाच त्यांचा जीव की प्राण. गुडघ्यांमुळे गाडीखाली सरपटणं जमेना, म्हणून ही लिफ्ट.

बाईंच्या गॅरेजमध्ये तिघं बाजूच्या लहान दाराने शिरले. काळोखात भाऊजींची नडगी लिफ्टच्या खांबावर आपटली.

"दिवा लावा की हो!"

"ट्यूब अजून बसायचीय," मिस्त्री म्हणाला. "माझा दिवा मी रोज घरी नेतो." त्याने पिशवीतला दिवा खिळ्याला अडकवला.

टपावर एकच आडवी, सरळ घडी पडली होती. तिच्यात राखाडी रंग भरला होता. वहिनींनी मान वर केली. वर पांढरं सपाट छत होतं. मग त्यांनी मोठ्या दाराकडे पाहिलं. उघडलं की वर सरकून छताखाली आडवं होणारं, राखाडी पट्ट्यांचं दार.

भाऊजींनी खिडकीतून गाडीत डोकावून नोंद केली: चालकाच्या जागेवर आजचा पेपर, शब्दकोडं अर्धं सोडवलेलं. गुन्ह्याशी संबंध नाही. मग त्यांनी ती ओळ खोडलीसुद्धा.

"यंत्र आपोआप वर गेलं, छताला आपटलं, मग खाली घसरलं," आईबरोबर आत आलेला मुलगा तावातावाने म्हणाला. "मी आईला आधीच सांगितलं होतं, तुझ्या हातून अपघात झाला की गाडी विकायची आणि तू माझ्याकडे यायचं. पण ही चूक मिस्त्रीची!"

डॉक्टरीणबाई मिस्त्रीकडे पाहत नव्हत्या. "मी कालपासून इकडे फिरकलेच नाही. नऊला मुलगा आला, तेव्हाच दोघांनी पाहिलं."

शेजारच्या मास्तरांनी तर साक्षच दिली. "काल पाचला हा मिस्त्री आतून ओरडला, 'बसली!' मी स्वतः ऐकलं. भिंत बसते, छप्पर बसतं, तशी गाडी बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!"

मिस्त्री तोंड उघडणार, तोच वहिनींनी त्याला हाताने थांबवलं. "मास्तर, तुम्ही घरी जा आणि कान उघडे ठेवा. मिस्त्री, मोठं दार बंदच राहू दे. काल केलंत तेच सगळं पुन्हा करा."

मोटर घुमली. गाडी वर गेली, मग दोन बोटं खाली आली. खट्.

"बसली!" मिस्त्री सवयीने ओरडला.

मास्तर धावत आले. "हेच! अगदी हेच ऐकलं! आता काय मोडलं?"

"काही नाही," वहिनी म्हणाल्या. "गाडी लोखंडी कुलपांवर बसली. या लोकांच्या तोंडी 'बसली' म्हणजे सुखरूप. तुम्ही ध चा मा केलात. म्हणजे काल पाचला गाडी वर होती आणि धडधाकट होती."

मग त्या मुलाकडे वळल्या. "तुम्ही ती खाली आणा."

मुलाने दांडा ओढला. पुन्हा ओढला. गाडी ढिम्म.

"मास्तर, तुम्हाला जमतंय?" मास्तरांनी नुसते हात वर केले.

"कुलपं सुटायला गाडी आधी थोडी वर न्यावी लागते," वहिनी म्हणाल्या. "आज सकाळी कुणीतरी ती खाली आणायला आलं. आत काळोख, म्हणून उजेडासाठी मोठं दार उघडलं. दार छताखाली, गाडीच्या टपाच्या जेमतेम बोटभर वर येऊन थांबलं. मग त्या माणसाने बरोबर शिकवल्याप्रमाणे गाडी वर घेतली, आणि टप दारात घुसला. ही युक्ती मिस्त्रीने एकाच व्यक्तीला शिकवली होती. शिवाय चालकाच्या जागेवर आजचा पेपर आहे. तो ठेवायला गाडी जमिनीवरच हवी."

भाऊजींनी खोडलेली ओळ गुपचूप पुन्हा लिहिली.

मग डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"रोज सकाळी मी त्यांच्या जागेवर बसून कोडं सोडवते. ते गेल्यापासून. आज गाडी वर होती, राहवलं नाही." त्यांनी मिस्त्रीकडे वळून पाहिलं. "खरं बोलले असते तर गाडी गेली असती. म्हणून तुमचं नाव घेतलं, मिस्त्री. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली. मला लाज वाटते."

"बाई, चूक माझीही आहे," मिस्त्री म्हणाला. "दार उघडं असताना मोटर सुरूच होऊ नये, असा स्विच येतो. तो बसवल्याशिवाय मी लिफ्टची किल्ली द्यायला नको होती. आज बसवतो."

"आणि मास्तर, तुम्ही माझ्याबरोबर गल्लीत चला. सकाळी ओरडले होते, आताही ओरडूनच सांगते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

तासाभराने बाई गल्लीतून परतल्या आणि मास्तर आपल्या घरी गेले. तोवर मिस्त्रीने स्विच बसवून गाडी खाली घेतली होती. मुलाने खिळ्यावरचा दिवा काढून आईच्या हातांवर उजेड पडेल असा धरला. "गाडी राहू दे, आई. ट्यूब मी उद्या लावतो."

बाईंनी दार नीट बंद आहे ना ते पाहिलं आणि बटण दाबलं. गाडी वर गेली, दोन बोटं उतरली. खट्.

"बसली!" डॉक्टरीणबाई भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा ओरडल्या.

"ऐकलं!" पलीकडून मास्तर म्हणाले.