मांजरीने निवडलेली बॅग

“मांजरीने झोपायची जागा बदलली, ही काय बातमी झाली?” पैलवानाने विचारलं.

पैलवान म्हणजे बातमीबाईचा मावसभाऊ. फुंकर मारली तर उडेल असा हडकुळा, म्हणून पैलवान! बातमीबाईने मात्र आपलं नाव स्वतः कमावलं होतं. कुठे नवं यंत्र निघो की जुनं बिघडो, सकाळी उठल्या उठल्या ती बातमी वाचून सगळ्या घराला ऐकवायचीच.

“मॅडम रोज खिडकीत उन्हाला झोपतात,” ती मांजरीकडे बोट दाखवत म्हणाली. “आज एवढं गार वारं सुटलंय आणि त्या अंधाऱ्या फळीवरच्या निळ्या बॅगेवर का बसल्यात?”

सुट्टी लागली की मुलं मावशीच्या सामानघरात पडीक असत. बोटीच्या धक्क्यावरची ती लांबट खोली होती. बोटीला वेळ असला की प्रवासी मावशीकडे सामान ठेवत, पितळी बिल्ला घेत आणि मोकळ्या हातांनी भटकून येत. लाकडी फळ्यांवर छतापर्यंत बॅगाच बॅगा! बातमीबाईला याहून मजेची जागा जगात ठाऊक नव्हती.

तिने चवड्यांवर उभं राहून बॅगेला हात लावला. बॅग चक्क गरम होती!

“मांजरीच्या अंगाची ऊब असेल,” पैलवान म्हणाला.

“मांजर वर बसलीय. मग बाजू कशी गरम?”

आता पैलवानानेही हात लावून पाहिला आणि मान डोलावली.

बॅग कुणाची ते दोघांना चांगलं आठवत होतं. प्रवासात काय न्यावं, कसं भरावं याचे व्हिडिओ करणारे एक काका सकाळी आले होते. “फोन, टॅब्लेट, कॅमेरा, सगळं एकाच पॉवर बँकेला जोडून स्वेटरांत गुंडाळलंय! बोटीत चढेपर्यंत सगळं फुल्ल!” असं त्यांनी न विचारताच सांगितलं होतं. बातमीबाईने पॉवर बँक कुठल्या कंपनीची ते विचारलं होतं आणि ऐकून तिचे डोळे विस्फारले होते. त्या पॉवर बँका तापून पेट घेतात म्हणून कंपनीने परत मागवल्याचं तिने नुकतंच वाचलं होतं. ते सांगितल्यावर काका खो खो हसले होते. “बाळ, लोक बातम्या माझ्याकडून घेतात!”

ती धावत मावशीकडे गेली. “मावशी, निळी बॅग तापलीय! आत काहीतरी जळेल!”

मावशीने मान वर केली नाही. ती एका ट्रंकेला दोरी बांधत होती. “गेल्या आठवड्यात धूर धूर म्हणून ओरडलीस. अख्खा धक्का रिकामा झाला. निघालं काय? किटलीची वाफ! लोक अजून तोंडावर हसतात मला.”

“पण मावशी, या वेळी...”

“या वेळी उगाच बोंब ठोकलीस, तर सुट्टी संपेपर्यंत इथे पाऊल टाकायचं नाही. आणि खबरदार कुणाची बॅग उघडलीत तर! बंद बॅगेला मी हात घालणार नाही, या विश्वासावर लोक सामान ठेवतात.”

बातमीबाईचा चेहरा पडला. मावशीचं बोलणं खोटं नव्हतं, म्हणून तर ते जास्त लागलं. गप्प बसलं तर कुणी हसणार नव्हतं, सामानघरही सुटणार नव्हतं. पण बॅग पेटली तर? सगळ्या लाकडी फळ्या, परक्या माणसांचं सामान आणि मधोमध बसलेली मावशी!

तेवढ्यात पैलवानाची धाकटी बहीण टिकली ओरडली, “मॅडम उठल्या!”

मांजर टुणकन खाली उतरली आणि पंजे चाटत दाराबाहेर चालती झाली. बातमीबाईने पुन्हा हात लावला आणि झटकन मागे घेतला. चटका बसला होता.

“मांजरीलासुद्धा सोसेना!” पैलवान घाबरला. “आता काय करायचं?”

“ज्याची बॅग त्यालाच बाहेर न्यायला लावायची.”

“ते काका? ते तर हसतात आपल्याला!”

“बॅग तापलीय म्हटलं तर हसतील. व्हिडिओ काढायचाय म्हटलं तर?”

काका उपाहारगृहात चहा घेत होते. “काका, तुमच्यासारखी बॅग भरायला शिकवाल? आम्ही शूटिंग करतो!” बातमीबाई म्हणाली. पैलवानाने लगेच फोन काढला. “तुमचं बोलणं किती छान असतं! धक्क्याच्या टोकाला उजेडही मस्त आहे, पण लवकर हं, उजेड जाईल!”

काका लगेच हरभऱ्याच्या झाडावर चढले. बिल्ला देऊन त्यांनी बॅग सोडवली, मुठीला धरून फळीवरून उतरवली आणि चाकांवरून खडखड ओढत धक्क्याच्या मोकळ्या टोकाला नेली. “तर मित्रहो, हुशार प्रवासी...” त्यांनी चेनला हात घातला. “अरेच्चा! एवढी गरम कशी?”

चेनच्या कडेतून धुराची बारीक रेघ निघाली.

“हात लावू नका! मागे व्हा!” बातमीबाईने त्यांची बाही धरून त्यांना जोरात मागे ओढलं.

फट्ट! बॅगेतून जाळ उसळला. टिकली किंचाळली. ओरडा ऐकून मावशी धावत आली, मागून पहारेकरी पाण्याचा पाइप ओढत आले. बराच वेळ पाणी मारल्यावर जाळ शमला.

मुलांकडून सगळं ऐकल्यावर धक्क्याच्या साहेबांनी एकदा जळक्या बॅगेकडे आणि एकदा सामानघराकडे पाहिलं. “हे आत पेटलं असतं तर...” त्यांनी बातमीबाईची पाठ थोपटली. “शाब्बास, पोरांनो! मोठ्यांना जमलं नाही ते तुम्ही केलंत!”

काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. “तो व्हिडिओ पुसून टाक रे,” ते पैलवानाला म्हणाले. मग स्वतःच म्हणाले, “नको, राहू दे. माझं ऐकून कितीजणांनी अशा बॅगा भरल्या असतील! पोरी, ती बातमी पुन्हा सांग. या व्हिडिओत ती तुझ्याच तोंडून जाऊ दे.”

संध्याकाळी मावशी कुलूप लावताना बातमीबाई तिच्याजवळ घुटमळली. हाताला चटका बसला होता, तरी तिला वेगळंच काही बोचत होतं.

“मावशी, आज बॅगेत काहीच निघालं नसतं तर?”

मावशीने जरा विचार केला. “ओरडले असते. चांगली ओरडले असते.”

“आणि पुन्हा कधी मला असं वाटलं तर?”

“तर सांगायचं. मी आज उठले नाही, चुकलंच माझं,” मावशीने तिचा हात हलकेच आपल्या हातात घेतला. “वाफ निघाली तर ओरडेनही. पण आधी उठेन.”