फाटकाची किल्ली कोणाची?

"दोन महिने! फक्त दोन महिन्यांनी मोठा आहे तो!" टॅमसिनने गूसबेरीच्या फळांची टोपली दाणकन आपटली.

"मोठा आहे ना? मग किल्ली त्याचीच," तिचा नऊ वर्षांचा भाऊ विल्फ तोंडात बन कोंबत म्हणाला.

हॅल्बरी हाउसची उंच भिंतींनी वेढलेली बाग वर्षातून एका रविवारी गावासाठी उघडत असे. त्या दिवशी वीतभर लांब किल्लीने लोखंडी फाटक उघडायचा मान मुख्य माळ्याच्या सर्वांत मोठ्या नातवंडाचा. मुख्य माळी म्हणजे यांचे आजोबा. तीन वर्षं टॅमसिनने तो मान मिरवला होता. यंदा मामेभाऊ जोलियन लंडनहून सुट्टीला टपकला आणि सगळा घोटाळा झाला!

तेवढ्यात बागेतून आरडाओरडा ऐकू आला. दोघं धावली.

फाटक लागतच नव्हतं! गवंडीकामाचे ठेकेदार मिस्टर प्रिडमोर लालबुंद झाले होते. वसंतात भिंतीची डागडुजी त्यांनीच केली होती.

"हा पोरगा फाटकाला लोंबकळतो! बिजागऱ्या वाकवल्या यानं!"

"पहिल्याच दिवशी लोंबकळलो होतो, तेही एकदाच!" जोलियन रडकुंडीला आला.

"बस्स!" आजोबा कडाडले. "उद्या दहाच्या गाडीने घरी जायचं. किल्ली टॅमसिनकडे."

टॅमसिनला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. पण किल्ली तिने घट्ट धरून ठेवली.

आजोबांनी कानस मारून कुलूप कसंबसं बसवलं आणि फाटक दोरीने बांधून टाकलं. चहा झाल्यावर टॅमसिन किल्ली फिरवून बघायला गेली. किल्ली फिरेना!

"दुपारी तर फिरत होती! आणि दोरीची गाठही तशीच आहे."

विल्फ एक डोळा मिटून बघत होता. "ताई, बिजागऱ्या सरळ आहेत गं. भिंतीतला खांबच झुकलाय! आणि ही बघ भेग! चल, आजोबांना सांगू!"

"थांब."

"का? अच्छा! जोलियन राहिला तर किल्ली जाईल म्हणून? जळतेस तू त्याच्यावर!"

"हो, जळते! पुढे?" टॅमसिन खेकसली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, "आधी खात्री करू."

भेग रुंदावली तर फाटेल अशी कागदाची पट्टी दोघांनी पिठाची खळ करून तिच्यावर चिकटवली. सकाळी नऊला पट्टी मधोमध फाटलेली होती. दारात जोलियनची बॅग भरून तयार होती. टॅमसिन क्षणभर त्या बॅगेकडे बघत राहिली, आणि मग आजोबांकडे धावत सुटली. थोड्याच वेळात जोलियनसह सगळे भिंतीपाशी जमले.

"पोरांनीच फाडला असेल कागद!" मिस्टर प्रिडमोर हसले.

विल्फ भिंतीच्या पायाशी वाकला होता. "मग हे सिमेंटचे गोळे कसले? दर दोन हातांवर एक!"

"उंदरांची भोकं होती. बुजवली, तीही फुकटात!"

भिंतीमागे वरच्या बागेची माती होती, आणि आठवडाभर पाऊस झाला होता. टॅमसिनच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिने चेहरा अगदी भोळा केला.

"मिस्टर प्रिडमोर, भिंत कोरडीच असेल ना? मग एक भोक उघडून दाखवा की. म्हणजे दोष जोलियनचाच ठरेल!"

"हे घे!" प्रिडमोरांनी ऐटीत छिन्नी लावून हातोडा मारला.

फुस्स! गढूळ पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या विजारीवर उडाली!

"अहो, ही पाणी निघायची भोकं! बुजवलीत म्हणून मागे पाणी तुंबलं आणि भिंत रेटली गेली!" आजोबांनी कपाळावर हात मारला. "दोनशे वर्षांची भिंत पाडली असतीत तुम्ही! उद्या हिच्याखालून सगळा गाव जाणार होता!"

ते जोलियनकडे वळले. "चुकलो रे बाळा. आणि टॅमसिन, शाबास! किल्ली तुझीच."

टॅमसिनने नकारार्थी मान हलवली. "आजोबा, खांबाचं मला काल संध्याकाळीच कळलं होतं. मी गप्प बसले. किल्लीसाठी." आणि तिने किल्ली जोलियनच्या हातात कोंबली.

आजोबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "शाबास म्हटलं ते परत घेत नाही. हे सांगणं त्या भिंतीचं कोडं सोडवण्यापेक्षा अवघड होतं."

खांब सरळ करायला दोन आठवडे लागले, म्हणून बाग उघडायचा दिवस पुढे ढकलला. अखेर नव्याने ठरलेल्या रविवारी सगळ्या गावासमोर जोलियन फाटकाशी उभा राहिला. टॅमसिन टाळ्या वाजवत होती, पण आतून जळफळत होतीच. जोलियनने किल्ली घातली, फिरवली, पुन्हा फिरवली. कुलूप उघडेना!

"टॅमसिन," तो कुजबुजला, "कसं उघडायचं गं? ये ना!"

टॅमसिनने मनातल्या मनात सावकाश पाच आकडे मोजले, आणि मगच ती पुढे झाली.