वजा न केलेला हिस्सा

कळंबच्या एसटी स्टँडवर मी उसाचा रस पीत उभी होते आणि समोरच्या पुणे-लातूर गाडीतून एक बाई उतरली. उतरू दे बापडी, माझं काय जातंय! पण तिची बॅग घ्यायला पुढं कोण झालं, तर आमचा शिवानंद. आमचा म्हणजे... फंडाचा. आमच्या फंडाचा सेक्रेटरी. दोन वर्षं मी फंडाचे हिशेब लिहायला त्याच्या टेबलासमोर बसते, माझ्या हातातली फाइल पडली तरी त्यानं कधी वाकून उचलली नाही. रस एकदम बेचव लागायला लागला.

"राजेश्वरी! बरं झालं भेटलीस," तो म्हणाला. "ह्या आरोही. पुण्याहून आल्यात, आपली मांडणी तपासायला."

"लई ऊन लागलं असंल न्हाय?" मी गोड आवाजात विचारलं. "पुण्याच्या माणसाला इथलं सोसत न्हाय."

"सवय आहे मला," ती हसली. दातसुद्धा सरळ. नावं ठेवायला देवानं जागाच ठेवली नव्हती.

आमचा फंड म्हणजे कळंबातल्या काही घरांनी मिळून उभा केलेला. त्यात आमचं घर आहे, शिवानंदचंही आहे. पैसा गोदामांत आणि डाळमिलमध्ये गुंतवलेला. वर्षाची वाढ मिळवायची, पाडव्याला घरोघरी होणारं वाटप वजा करायचं, उरेल ते फंडाचं निव्वळ मूल्य. यंदा थोरल्यांच्या मनात नवीन गोदाम होतं, म्हणून पाच वर्षांनी फंड कुठवर जाईल ते शिवानंदनं मांडलं होतं. आणि तपासायला ही. मी काय मेले होते?

शिवाय आमची एक रीत आहे. लेकीच्या बारशालाच तिच्या नावानं फंडात हिस्सा टाकतात. ती बाहेरच्या घरी दिली की अख्खा हिस्सा तिच्याबरोबर जातो. फंडातल्याच घरात दिली तर पैसा इथंच राहतो. त्यामुळं पुढचं मांडताना उपवर मुलींचे हिस्से वजा धरावे लागतात. हे तिला समजावताना शिवानंद तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि तिथंच रुतला.

"शिवा, वाढ बारा टक्के जास्त नाही होत?" ती लॅपटॉपवर वाकून विचारायची.

"नऊ धरली तर गोदाम होत न्हाय," हा तिच्याहून जास्त वाकून सांगायचा.

शिवा! कालची आलेली बाई, आणि शिवा! तिला बिनसाखरेचा चहा लागतो हे त्याच्या ध्यानात राहिलं. मला काय लागतं, विचारा की त्याला. सरळच सांगते, मी जळत होते. जळून माझा कोळसा झाला होता.

त्यातच वाशीच्या स्थळाचा होकार आला. "चांगलं घर हाय, बाई," अप्पा म्हणाले. "संध्याकाळपर्यंत तुझं काय ते सांग." मी रागातच ऑफिसात आले. हो म्हणून टाकायचं, मग बसू दे ह्याला हिच्या शेजारी जन्मभर.

दुपारी वारा सुटला, पत्र्यावर दोन-चार टपोरे थेंब वाजले. खिडकी लावायला उठले तेवढ्यात आरोही म्हणाली, "शिवा, इथं चूक आहे. सगळ्या मुलींचे हिस्से वजा केलेस. राजेश्वरीचा राहिला."

माझ्या कानशिलांत आग पेटली.

"माझं लग्नच होणार न्हाय, असं धरलंत व्हय?"

तो पेनाचं टोपण काढत-घालत राहिला.

"बोला की! वाशीचं स्थळ आलंय मला, होकारासकट. करा वजा!"

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. "वाशीचं...? काय करतो तो?"

"तुम्हाला काय करायचंय? बसा की हितं, खुर्चीला खुर्ची लावून!"

"मला फक्त आकडा हवा," आरोही शांतपणे म्हणाली. "हिस्सा जातो, की राहतो?"

"राहतो," शिवानंद म्हणाला.

"कशाच्या आधारावर?"

"लग्न... होणार तिचं. पण फंडातल्याच घरात, असं धरलंय."

"कुठल्या घरात?" हे मी विचारलं.

"आमच्या."

बाहेर कुणाचा तरी पत्रा धाडधाड वाजत होता... की माझं काळीजच ते.

"मला न विचारता?"

"रोज विचारणार असतो. तू समोर बसतीस, आन् आकड्याशिवाय तोंडातनं काय निघतच न्हाय. कागदावर धरायला काय धाडस लागतंय?"

"ह्यांची बॅग बरी उचलता आली!"

"पाहुण्याची बॅग उचलताना हात थरथरत न्हाईत, राजे."

राजे! ह्या एका हाकेनं माझा सगळा राग विरघळला. सगळा म्हणजे... बराचसा.

"हे नुसतं धरलंय, का ठरलंय?" आरोहीची बोटं बटणांवर थांबली होती. "नुसतं धरलं असेल, तर मी वजा करणार."

शिवानंदनं माझ्याकडं पाहिलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच असं, नजर न चुकवता. मी फोन लावला.

"अप्पा, वाशीच्यांना न्हाय म्हणून कळवा... व्हय, नक्की. घरी आल्यावर सांगते."

मग टेबलाला वळसा घालून आरोहीसमोर जाऊन उभी राहिले.

"ठरलंय," मी म्हणाले. "आणि आता तुम्ही जरा पलीकडं सरका, ताई. हितं मी बसणार हाय."