कुंदाचा डोळा

"कुणाला सांगितलंस तर पटणार नाही, कुंदा, पण तू माळशेजच्या कड्यावरून पडलीस ती थेट गवताच्या ट्रकमध्ये!" पाळंदेमामा माइकमध्ये म्हणाले. "ड्रायव्हरला पत्ताच नाही. शेवटी टोलनाक्यावरच्या माणसाने विचारलं, काय हो, तुमचं गवत कण्हतंय का?"

स्पीकरमधून खळखळून हसू आलं. "मामा, थापा पुरे. डोळ्यांवरची पट्टी आज काढणार ना? काळोखाचा कंटाळा आलाय."

"काढणार, काढणार." मामांनी बोलण्याचं बटण सोडलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

कुंदा कधी पडलीच नव्हती. पडायला तिला अंगच नव्हतं. प्रयोगशाळेच्या मोठ्या संगणकाच्या पोटात एक आभासी यंत्र चालू होतं आणि त्या यंत्रात कुंदा नावाचं एक कृत्रिम मन वाढत होतं. तिचं बालपण, तिचा अपघात, तिचं हॉस्पिटल, सगळं मामांच्या जिभेवर उभं होतं. त्यासाठीच तर संस्थेने निवृत्त मामांना परत बोलावलं होतं. आधीच्या मनाला आपण यंत्रात आहोत हे कळलं, तेव्हा बाहेर पडण्याच्या धडपडीत त्याने अख्ख्या इमारतीची वीज घालवली होती. तेव्हापासून नियम एकच. कळलं की पुसायचं.

"कॅमेरा तिच्या यंत्राला अजून दिसत नाहीये," मामा म्हणाले. "रेहाना, जोडलायस ना नीट?"

"जोडलाय हो. पण आपल्या संगणकाने तो धरून ठेवलाय." डॉ. रेहाना इनामदार कीबोर्डवर वाकल्या. "मोठा संगणक यजमान, कुंदाचं यंत्र पाहुणं. कॅमेरा एका वेळी एकाचाच. यजमानाने सोडला तरच पाहुण्याला मिळतो."

"मग सोड की!"

"सोडते. पण कायमचा नाही. त्या वाटेने ती बाहेर काही पाठवत नाही ना, हे तपासायला यजमान मधूनमधून तो क्षणभर परत घेणार."

मामा कॅमेऱ्याकडे वळले. "आणि त्या क्षणी तिला काय दिसेल?"

"काय दिसायचं? तिला कळणारही नाही, मामा. क्षणभराचाच तर प्रश्न आहे."

कॅमेऱ्यावर हिरवा दिवा लागला, म्हणजे तो आता कुंदाकडे होता. रेहाना चटकन बाजूला सरकल्या. एक हात 'पुसा'च्या कळीपाशी ठेवूनच.

"अय्या!" स्पीकर कुजबुजला. "मामा? हे तुम्ही? मला वाटलं होतं तुम्हाला मिशा असतील."

मामा हसले. डोळे भरून आले तसे ते उठले, खुर्चीमागे गेले, उगाच खिडकीचा पडदा सारखा केला. कॅमेऱ्याचा दिवा विझला आणि पुन्हा लागला.

"मामा, आत्ता काय झालं?"

मामांनी परत येऊन बटण दाबलं. "कुठे काय?"

"काहीतरी तुटलं. मधलं."

रेहानांनी मान हलवली, सांभाळा अशी. मामांनी जन्मभर थापा मारल्या होत्या. बायकोला, साहेबाला, पोलिसालाही. कधी जीभ कोरडी पडली नव्हती. आज ती टाळूला चिकटली होती.

"अगं वेडाबाई, पापणी लवली तुझी," ते म्हणाले. "सगळ्यांचीच लवते. इतके दिवस पट्टी होती ना, विसरलीस तू. हे बघ, माझीही लवते." त्यांनी दोन्ही डोळे मिटून उघडून दाखवले.

दिवा पुन्हा विझला. पुन्हा लागला.

"मोजू नकोस हं ते," मामा घाईघाईने म्हणाले. "डोक्याला ताण येतो. डॉक्टरांनी बजावलंय. तुला सांगतो, आमच्या गावचा एक पोस्टमन पापण्या मोजायला बसला तो..."

"मामा, थांबा."

मामा थांबले. रेहानांचं बोट कळीवर टेकलं होतं. मामांनी कॅमेऱ्याला दिसणार नाही असा हात खाली धरून 'नको, नको' अशी खूण केली.

"पापणी मिटली की काळोख व्हायला हवा ना? पट्टीत होता तसा?" कुंदाचा आवाज शांत होता, एखादं गणित सोडवताना असतो तसा. "मला काळोख दिसत नाही. तुम्ही दिसता. हात हवेत, तोंड उघडं, पुतळ्यासारखे. आणि लगेच तुम्ही भलतीकडेच असता. तुम्ही खोटं बोलताय, मामा. माझा डोळा मधूनमधून कोण घेऊन जातं?"