पांढऱ्या कारवीचा अर्धा फोटो

सकाळभर काढलेले फोटो नखाएवढ्या कार्डातून गेले कुठे?

ऋजुताने ड्रोनमधलं मेमरी कार्ड काढून पुन्हा बसवलं. पडद्यावर तेच : ‘कार्ड रिकामे’.

“एक नवा फोटो काढते. कार्ड चालतंय का ते तरी कळेल.”

“हात मागे!” गोगल ओरडला. शाळेच्या प्रयोगशाळेतला हा यंत्रमानव एरवी इतका सावकाश वागायचा, की मुलांनी त्याला गोगलगाय म्हणता म्हणता गोगल करून टाकलं होतं. “सकाळी डोंगरावर कार्ड काढलंस तेव्हा ड्रोनचा लाल दिवा लुकलुकत होता?”

“हो... बाईंना दाखवायची घाई होती.”

डोंगरावर सात वर्षांनी कारवी फुलली होती. सगळी जांभळी, शेवटी एकच झुडूप पांढरं! पण दुपारच्या वादळात फुलं झडली आणि ते झुडूप इतरांत हरवलं. उद्या सकाळी तिथली झाडी तोडून पायवाट करणार होते. “नेमकी जागा कळव, वाट वळवू,” वनाधिकारी म्हणाल्या होत्या. जागेची नोंद फक्त त्या फोटोत होती.

“कार्डात अब्जावधी सूक्ष्म खोल्या असतात,” गोगल म्हणाला. “भिंती विद्युतरोधक (वीज वाहू न देणाऱ्या). जास्त विद्युतदाब दिला, की इलेक्ट्रॉन (ऋण विद्युतभार असलेले अतिसूक्ष्म कण) आत शिरतात. वीज गेली तरी ते तिथेच अडकून राहतात. भरलेली खोली म्हणजे शून्य, रिकामी म्हणजे एक. अशा शून्य-एकच्या रांगांतून फोटो बनतो.”

“मग दिसत का नाही?”

“कोणता फोटो कुठल्या खोल्यांत, हे सांगणारी सूची वेगळ्या जागी असते. दिवा लुकलुकत होता तेव्हा ती लिहिली जात होती आणि तेवढ्यात तू कार्ड उपटलंस. सूची बिघडली, म्हणून ड्रोनला सगळ्या खोल्या रिकाम्या वाटतात. नवा फोटो तो जुन्यावरच लिहील.”

ऋजुताने ड्रोनवरचं बोट चटकन उचललं.

“आता?”

“सूची विसरायची. ओळीने खोल्या वाचायच्या. प्रत्येक फोटोची सुरुवात ठरावीक खुणेने होते, ती शोधायची.”

“मग लवकर कर ना रे!” तिने कार्ड काढून गोगलच्या खाचेत बसवलं.

“माझं नाव कुणी ठेवलं?”

ती खिडकीपाशी गेली, परत आली, पुन्हा गेली. बाहेर डोंगर काळवंडत होता. पडद्यावर एक जांभळं झुडूप उमटलं. मग दुसरं. जांभळं, जांभळंच.

शेवटी पांढरं! पण फक्त वरचा अर्धा भाग. खाली नुसता करडा रंग.

“अर्धाच?” ती पडद्यावर वाकली.

“सूचीबरोबर हा फोटोही लिहिला जात होता. उरलेला लिहिण्याआधीच तू कार्ड काढलंस. पण जागेची नोंद फोटोच्या सुरुवातीलाच असते. वाच.”

अक्षांश. रेखांश. दोन्ही होते! ऋजुताने ते वनाधिकाऱ्यांना पाठवले. लगेच उत्तर आलं : ‘आम्ही वाट वळवतो.’

ती आता कुठे खुर्चीत टेकली. “आणि खालचा अर्धा फोटो?”

“त्याच्या बियांची झुडपं फुलतील तेव्हा, सात वर्षांनी काढ,” गोगल म्हणाला. “दिवा विझेपर्यंत थांब म्हणजे झालं.”