तिसरं वाक्य

अडकलेल्या लिफ्टमधून माणसं बाहेर काढणं हा माझा धंदा आहे. दारापाशी पोचलो की हत्याराला हात लावायच्या आधी मी आतल्यांशी बोलतो. "घाबरू नका, मी बाहेरच आहे. शांतपणे श्वास घ्या." निम्मी सुटका तिथंच होते. उरलेली निम्मी म्हणजे एखादी झिजलेली पट्टी, दाराच्या खाचेत पडलेली पेन्सिल, नाहीतर वीज गेल्यामुळे अर्ध्यावर राहिलेली फेरी. अडकण्याला कारण असतं आणि कारण सापडलं की अडकलेलं सुटतं, या एका समजुतीवर मी इतकी वर्षं घर चालवलं आहे.

बायको मोठ्या दवाखान्यात सीटी स्कॅनच्या खोलीत तंत्रज्ञ आहे. चित्रात आतलं उठून दिसावं म्हणून शिरेतून डाय सोडतात, तो सोडायच्या आधी ती प्रत्येक रुग्णाला जे सांगते ते ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय. घशापासून खाली सरकत एकदम गरम वाटेल. तोंडात लोखंडाची चव येईल. कपड्यात लघवी झाल्यासारखं वाटेल, पण झालेली नसते, लाजू नका. मळमळलं, अंगाला खाज सुटली, श्वासाला त्रास वाटला तर लगेच सांगा. घरी जाऊन भरपूर पाणी प्या, एक-दोन दिवसांत सगळं निघून जातं. चहा गार झाला म्हणून मी कुरकुर केली की ती म्हणायची, "थांबा, गरम वाटेल असं काहीतरी टोचतेच तुम्हाला."

त्या मशीनमधला आवाजही तिचाच. मशीन आलं तेव्हा सूचना परक्या भाषेत होत्या. रुग्ण गांगरून भलत्याच वेळी श्वास सोडत आणि चित्रं हलत. मग हिचा आवाज भरायचं ठरलं. आमच्याच घरी, कपड्यांच्या कपाटात डोकं घालून आणि वरून रजई ओढून तिनं तीन वाक्यं म्हटली. "श्वास घ्या. श्वास धरून ठेवा. आता श्वास सोडा." रजई मी धरली होती. तिला सारखं हसू येत होतं आणि मला घाम.

त्यातलं तिसरं वाक्य मात्र फारसं कुणी ऐकलेलं नाही. चित्रं आली की तिचे वरिष्ठ, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, लगेच बटण दाबून टेबल बाहेर काढतात आणि आवाज तिथंच तुटतो. बाहेर रांग ताटकळलेली असते. हिनं एकदा हटकलं तर म्हणाले, "अगं, माणूस काय श्वास घरी घेऊन जाणार आहे?" त्यावर सगळी खोली हसली होती. पुढं सगळेच तसं करायला लागले, हीसुद्धा.

हिच्या पोटात अधूनमधून दुखायचं म्हणून तिचाच स्कॅन करायचा ठरला, तेव्हा घरचा माणूस म्हणून मला काचेमागच्या खोलीत बसू दिलं. टेबलावर पडल्या पडल्या तिनं मला वाकुल्या दाखवल्या. मास्तरांनी तिच्या हातातल्या सुईला नळी जोडली, काचेमागे परत आले, डायचा पंप सुरू केला. तिनं अंगठा वर केला, म्हणजे गरम वाटायला लागलं. टेबल त्या गोल तोंडात सरकलं आणि तिच्या डोक्यावर तिचाच आवाज बोलला. "श्वास घ्या. श्वास धरून ठेवा."

पडद्यावर चित्रं भराभर उमटली. मास्तरांनी बटण दाबलं. टेबल बाहेर आलं.

"झालं हो," मास्तर म्हणाले आणि आत जाऊन नळी काढू लागले. ती छताकडे बघत पडली होती. छाती वर आलेली, ओठ मिटलेले. मला वाटलं, थट्टा करतेय. तिला ती खोड आहेच. मग तिचा हात टेबलाच्या कडेवर आपटायला लागला. डॉक्टर धावत आले. डायची रिॲक्शन म्हणून एक इंजेक्शन दिलं, दुसरं दिलं, नाकावर ऑक्सिजन ठेवला. घसा सुजलेला नव्हता. अंगावर एक गांध उठली नव्हती. ती नुसती माझ्याकडे बघत होती आणि चेहरा काळवंडत चालला होता. मी घाबरलो की चिडतो. तसाच ओरडलो, "अगं, सोड ना तो श्वास!"

तिनं सोडला.

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. डॉक्टर म्हणाले, औषध वेळेत लागू पडलं. तिला दुपारपर्यंत नजरेखाली ठेवलं आणि पाणी प्या सांगून घरी पाठवलं. पोटाचा स्कॅन अगदी स्वच्छ निघाला.

जिना चढताना ती हळूच म्हणाली, "औषधानं नाही सुटला. तुम्ही म्हणालात म्हणून सुटला."

"वेडी आहेस का तू?"

"असेन," ती म्हणाली. पण हसली नाही.

संध्याकाळी ती भांडी घासत होती. नळ नुसताच वाहतोय हे माझ्या लक्षात आलं. जाऊन बघतो तर ही ओट्याला धरून उभी, छाती भरलेली, डोळे मोठे. मी म्हटलं, "सोड." श्वास बाहेर आला. घशातून तीच ऊब खाली उतरली, तोंडात लोखंडाची चव आली आणि छाती आपोआप भरून तिथंच कुलूप लागलं, असं तिनं सांगितलं.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, त्याच्या पुढच्या दिवशी जास्त वेळा. ती पाण्याचे तांबेच्या तांबे रिचवत होती. जात्याच हुशार बाई, रडत बसली नाही, प्रयोग करायला लागली. माझा आवाज फोनमध्ये भरून वाजवून पाहिला. उपयोग नाही. शेजारच्या काकूंनी "सोड गं बाई, सोड" म्हणून पाठीवर गुद्दे घातले. उपयोग नाही. फोनवर समोरून मी प्रत्यक्ष बोललो तर मात्र सुटायचा. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मूत्रपिंडं तपासली आणि हात टेकले. "डाय केव्हाच निघून गेलाय. हे मनाचं आहे. आणि समजा श्वास अडकलाच, तर माणूस बेशुद्ध पडतो आणि श्वास आपोआप सुरू होतो. घाबरायचं कारण नाही."

डॉक्टरांवर विश्वास ठेवून मी कामावर गेलो. ठरलं असं, की तिनं फोन करायचा. पलीकडून काही ऐकू आलं नाही की मी "सोड" म्हणायचं. तिला बोलता येणार नव्हतंच. बोलायला श्वास सोडावा लागतो.

त्या दिवशी लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात उतरलो होतो, चाकाला तेल देत. खिशात फोन थरथरला. कानाला लावला तर नुसती शांतता. मी "सोड, सोड" म्हटलं. शांतताच. पडद्यावर पाहिलं तर रेंज नव्हती, फोन कधीच तुटला होता.

मी शिडीवरून वर कसा आलो, रस्त्यातून कसा पळालो, आठवत नाही. घराचं दार उघडं होतं. शेजारच्या काकू रडत होत्या. ही भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली, ओठ निळे पडलेले. आणि डोळे टक्क उघडे. ती बेशुद्ध पडली नव्हती. सगळा वेळ दाराकडे बघत होती.

"सोड," मी म्हटलं.

त्यानंतर मी घर सोडलं नाही. न्हाणीघराचं दार ती उघडं ठेवायची. झोपेतसुद्धा मी एका हातानं तिचं मनगट धरून असायचो. तिच्या छातीत जशी हवा कोंडली होती तसा मी त्या दोन खोल्यांत कोंडलो होतो. खोटं कशाला बोलू, एकदा तिचा मला भयंकर राग आला. ती समजली.

"सुटका करायला पाहिजे तुमची," ती म्हणाली.

"माझी कसली? तुझी."

"आपली म्हणा. ऐका. माझं वाक्य अर्धं राहिलंय. तिसरं. ते त्या मशीननंच पुरं करायला हवं."

दुसऱ्या कुणी हे म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण मधेच थांबलेली लिफ्ट मला माहीत आहे. दोन मजल्यांच्या मध्ये ती कुणाचं ऐकत नाही. तिला एकदा तळाला नेऊन फेरी पुरी करावी लागते, मग शहाण्यासारखी चालते.

मास्तर नाही म्हणाले नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी त्यांनी खोली उघडली. मला बघून त्यांची मान खाली गेली होती. डाय द्यायचा नव्हता, चित्रं काढायची नव्हती. नुसतं टेबल आत न्यायचं आणि आवाज शेवटपर्यंत वाजू द्यायचा. ती टेबलावर पडली. या खेपेला वाकुल्या नव्हत्या.

"श्वास घ्या."

छाती वर आली.

"श्वास धरून ठेवा."

मास्तरांचा हात सवयीनं बटणाकडे गेला. मी तो धरला.

खोलीत फक्त मशीनची घरघर होती. मग तिचा जुना, कपाटातला, हसू दाबलेला आवाज आला.

"आता श्वास सोडा."

तिनं सोडला. काचेतून मला तो दिसला. इतके दिवस साठवलेलं सगळं बाहेर पडावं तसा तो कितीतरी वेळ बाहेर पडत राहिला. मास्तरांनी चष्मा काढून डोळे पुसले. "सुटलं हो," ते म्हणाले.

मी तिच्या छातीकडे बघत होतो. ती खाली गेली होती.

वर येत नव्हती.

आवाजाची तीन वाक्यं संपली होती. मी दार ढकलून आत धावलो, तिच्या कानाशी वाकलो.

"घे," मी म्हटलं. "श्वास घे गं."

तिनं घेतला. मग सोडला. मग आपणहून घेतला, सोडला, घेतला. आम्ही दोघं तिथंच रडलो. माझा घसा ऊन ऊन झाला होता. धावलो म्हणून असेल, असं तेव्हा वाटलं.

त्यानंतर काहीही झालं नाही. ती पोटभर जेवली, मनगट सोडवून घेऊन कुशीवर झोपली. न्हाणीघराचं दार लावून आत गाणं म्हणाली. चार दिवस वाट बघून कामावर गेली, आणि जाताना म्हणाली, "तुम्हीही जा आता. किती दिवस माझ्या श्वासावर पहारा देणार?"

गेलो. तीच इमारत, तोच खड्डा, चाकाला तेल द्यायचं राहिलेलं. फोन मुद्दाम वरच्या कडेवर ठेवला, जिथं रेंजची एक रेघ तरी येते. दिवा लावला. पाना फडक्यात धरून हातात घेतला.

घशातून काहीतरी गरम खाली सरकलं.

तोंडात लोखंडाची चव आली. मला कुणी कधी कसलाही डाय टोचलेला नाही. खाली वाकून मी कपडे चाचपले. कोरडे होते.

छाती आपोआप भरली. भरत राहिली. थांबली.

फोन वाजला. तिचा होता. मी शिडीला धरून हात वर नेला आणि तो कानाशी आणला.

"अहो, सांगायला फोन केला," तिचा आवाज किती दिवसांनी इतका मोकळा होता. "आज सगळे रुग्ण झाले, आणि मास्तरांनी एकदाही मधेच बटण दाबलं नाही. तिसरं वाक्य प्रत्येकाला पूर्ण ऐकवलं. ऐकताय ना?"

मी शिडीवर फडक्यातला पाना आपटायला गेलो. हात घामानं ओला होता. पाना निसटून खाली तेलात पडला, त्याचा आवाजसुद्धा झाला नाही.

"अहो? बोला ना काहीतरी."

मी बोलायचा प्रयत्न केला.

"खड्ड्यात उतरलात वाटतं," ती म्हणाली, आणि हसली. "तिथं रेंज कुठली असायला. असू दे, ठेवते हं."